बादलीतला अर्धा तास

आमच्या सासऱ्यांइतका माशांवर विश्वास ठेवणारा आणि माणसांवर संशय घेणारा गृहस्थ अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. आयुष्यात त्यांनी न तपासता ज्या एका माणसाचा शब्द खरा मानला, तो मी. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे. पण आधी सासरे समजले पाहिजेत, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते तो व्हर्नियर या मापयंत्राच्या जबड्यात धरायचे, डोळा बारीक करायचे आणि तीनपैकी एका ट्रेमध्ये ठेवायचे: पास, रिजेक्ट किंवा रीवर्क, म्हणजे दुरुस्तीला परत. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, ट्रे सुटले नाहीत. डोंबिवलीच्या त्यांच्या घरात भाजीवाल्याची गवार, टीव्हीवरचे निवेदक, नातेवाइकांच्या लग्नपत्रिका, सगळं या तीन ट्रेंमधून जायचं. सासूबाईंच्या पोळीला ते “कडेला अर्धा मिलिमीटर जास्त” म्हणायचे आणि सासूबाई “मग कडा सोडा आणि मधलं खा” म्हणून पुढची पोळी ताटात टाकायच्या. मी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा बाकीचे सगळे माझ्या नोकरीची चौकशी करत होते आणि हे दारात बसून माझे बूट उलटे करून बघत होते. “डावी टाच जास्त झिजलीय,” एवढंच बोलले. पहिल्या दिवाळसणाला सासूबाईंनी मला हळूच सांगितलं, की त्या दिवशी माझा निकाल ‘रीवर्क’ असा लागला होता. माझा चेहरा पडलेला पाहून त्या म्हणाल्या, “अहो, मनाला लावून घेऊ नका. मला तरी कुठे अजून पास म्हणालेत?”

अशा माणसाने पाहताक्षणी पास केलेली एकच गोष्ट म्हणजे कोरिडोरस नावाचा मासा. माझ्या मुलीला गोल्डफिश घेऊन द्यायला म्हणून ते कल्याणच्या एका दुकानात गेले होते. तिथे एका टाकीच्या तळाशी दोन-अडीच इंचांचे, तांबूस-हिरवट, मिशाळ मासे खाली मान घालून वाळू उकरत होते. खवल्यांऐवजी अंगावर चिलखतासारख्या पट्ट्या, आणि एवढासा गंभीर चेहरा. सासरे काचेपुढे उकिडवे बसले ते उठेचनात. “बघा,” ते मला म्हणाले, “अख्ख्या दुकानात हा एकच मासा काम करतोय. बाकीचे नुसते हिंडतायत.” तेवढ्यात त्यातल्या एकाने त्यांच्याकडे बघून चक्क डोळा मारला. या माशाचे डोळे खोबणीत फिरतात, त्यामुळे तसं दिसतं, हे मला नंतर कळलं. सासऱ्यांना ते माहीत असूनही त्यांनी कधी मान्य केलं नाही. मुलीला गोल्डफिश मिळालाच नाही. सहा कोरिडोरस घरी आले आणि पुढच्या बारा वर्षांत सासऱ्यांच्या हॉलमधला सोफा, टीव्हीचं टेबल आणि शेवटी शोकेस बाहेर जाऊन तिथे टाक्या आल्या.

या माशांचा अपमान त्यांना स्वतःच्या अपमानापेक्षा जास्त लागायचा. दुकानदार मंडळी कोरिडोरसला ‘सफाईवाला’ म्हणून विकतात. वरच्या माशांनी टाकलेलं खातो, टाकी साफ ठेवतो, म्हणून. हा शब्द कुणी उच्चारला की सासरे त्याला बसवून घ्यायचे आणि पाऊण तास हा मासा कचरा खात नाही, याला रोज ताजं, वेगळं जेवण लागतं, हे समजावायचे. शेजारच्या मालवणच्या काकूंनी एकदा टाकीत डोकावून, “शिंगाळ्याचीच पोरां ही. कालवणाक किती लागतील ओ?” असं विचारलं, तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्याकडचा गणपतीचा प्रसाद दोन वर्षं घेतला नाही. टाकीची वाळू ते सासूबाईंच्या मैद्याच्या चाळणीने चाळायचे, कारण टोकदार कणांनी माशांच्या मिशा झिजतात. पिल्लांना खायला लागणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे ते ओट्सच्या लगद्यात वाढवत आणि तो डबा स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवत. एकदा मी अचानक टपकलो, म्हणून सासूबाईंनी घाईने आंबोळ्यांचं पीठ समजून तोच डबा उघडला. पळी तव्याशी पोचली आणि आतून सासरे किंचाळले, “अगं थांब, ते पिल्लांचं आहे! जावईबापूंना दुसरं काहीतरी दे!” सासूबाईंनी पळी तशीच हवेत धरून मला विचारलं, “बघितलंत ना, कोणासाठी ओरडले?”

या माशांची अंडी मिळवणं ही घरातली सगळ्यांत मोठी परीक्षा. पाणी थोडं गार झालं, हवा बदलली असं वाटलं, की कोरिडोरस अंडी घालतात. म्हणून सासरे फ्रीजमध्ये बाटल्या गार करून टाकीत ते पाणी थेंबाथेंबाने सोडायचे आणि मग घरात संचारबंदी लागायची. कुकरची शिट्टी बंद, डोअरबेलचं बटण काढून ठेवलेलं, आणि दारावर ‘हलक्या हाताने वाजवा’ अशी चिठ्ठी. मादी तोंडाने काच साफ करते, पोटाखालच्या परांच्या ओंजळीत दोन-तीन अंडी धरते आणि जागा बघून एकेक काचेला चिकटवत जाते. त्या तासाभरात सासरे श्वाससुद्धा मोजून घेत. कारण जरा धक्का बसला तर तीच मंडळी फिरून आपलीच अंडी खाऊन टाकतात. मग सासरे बोटाच्या पेराने एकेक अंडं काचेवरून सोडवून वेगळ्या डब्यात घेत, पाण्यात निळ्या औषधाचा एक थेंब टाकत आणि चौथ्या दिवशी पिल्लं बाहेर येईपर्यंत दाढी करत नसत.

आणि मग बादली. हे नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

कोरिडोरस घाबरला की अंगातून एक प्रकारचं विष सोडतो. नदीत मोठ्या माशाने गिळू नये म्हणून निसर्गाने केलेली सोय. पण हाच मासा घाबरलेल्या स्थितीत थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, तर ते विष पिशवीच्या पाण्यातच राहतं आणि तो स्वतःच्याच भीतीने मरतो. शेजारचेही मरतात. म्हणून सासऱ्यांची पद्धत अशी होती: जाळी वापरायची नाही, जाळीत त्याचे काटे अडकतात, मगाने उचलायचं. पिशवीत भरण्याआधी बादलीत ठेवायचं, अर्धा तास. घाबरू द्यायचं, विष सोडू द्यायचं. पाण्यावर फेस आला की ते पाणी फेकायचं, साठवलेलं पाणी घालायचं, आणि पुन्हा अर्धा तास. मग एका पिशवीत तीन, चौथा नाही. कळव्यापासून विठ्ठलवाडीपर्यंतचे मासे पाळणारे लोक त्यांना फोन करायचे आणि सासरे स्पीकर लावून प्रत्येकाला हेच सांगायचे. “अर्ध्या तासाची एकोणतीस मिनिटं करू नका. घाई आपल्याला असते, त्यांना नसते.” त्यांच्या एका जाड वहीत बारा वर्षांची नोंद होती. बादलीतून गेलेला एकही मासा वाटेत मेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या इमारतीची तपासणी झाली आणि ती धोकादायक ठरली. रहिवाशांनी पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या केल्या, एकेक घर रिकामं झालं, आणि शेवटी चौथ्या मजल्यावर फक्त सासू-सासरे आणि त्यांच्या टाक्या उरल्या. मी वर्तकनगरला आमच्या घरापासून पाच मिनिटांवर तळमजल्याची भाड्याची जागा शोधली. बहुतेक टाक्या सासऱ्यांनी ओळखीच्या लोकांना देऊन टाकल्या. एक मोठी टाकी आणि अकरा मासे राहिले. पहिल्या सहांपैकी पाच आणि त्यांच्या पहिल्या विणीतले सहा. किल्ली द्यायची तारीख ठरली, दुपारी चारची वेळ ठरली. त्यानंतर वीज आणि पाणी तोडणार होते.

त्या दिवशी सकाळी नऊला मी पोचलो तर सासरे टाकीसमोर बसलेले, आणि सामानातलं एकही खोकं जागचं हललेलं नाही. हलवण्यापूर्वी टाकी स्वच्छ असावी म्हणून त्यांनी सलग तीन दिवस पाणी बदललं होतं. गार पाण्याने माशांचा समज झाला की ऋतू बदलला. काचेवर सत्तर-पंचाहत्तर अंडी चिकटली होती.

“आज जमणार नाही,” सासरे म्हणाले.

“बाबा, चार वाजता लाइट कापणार आहेत,” माझी बायको म्हणाली.

“त्यांना सांग, घरात बाळंतीण आहे.”

“माझी दोन बाळंतपणं झाली तेव्हा हे ओव्हरटाइमला होते,” सासूबाई भांड्यांच्या पोत्याला गाठ मारत म्हणाल्या. “उठा आता. त्या बाळंतिणीला तळमजला मिळालाय, मला चौथ्याचे जिने चढवलेत आयुष्यभर.”

अखेर तोडगा असा निघाला की सासऱ्यांनी अंडी काढून डब्यात घ्यायची आणि तो डबा मांडीवर घेऊन बायकोच्या गाडीतून पुढे जायचं. एकेक अंडं काढण्यात दुपारचे अडीच वाजले. खाली बिल्डरचा माणूस येरझाऱ्या घालत होता. टेम्पोवाला दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. वर येऊन त्याने टाकी पाहिली आणि म्हणाला, “शेठ, मछलीचं बारसं करून निघायचं काय? शिळफाट्याला अडकलो ना, तर इथनं तिथपर्यंत रांग.” मी सकाळपासून चार मजले चढत-उतरत होतो. एकही कपबशी फुटू दिली नव्हती. सासऱ्यांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता, त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नव्हतं.

निघताना मात्र त्यांनी पाहिलं. निळ्या पाण्याचा डबा छातीशी धरून दारात उभे राहिले आणि म्हणाले, “अंड्यांना थांबता येणार नाही, मला जावं लागेल. मासे तुमच्याकडे. बादलीचं माहीत आहे ना? कॅनमधलं पाणी साठवलेलं आहे, तेच वापरा.” त्यांनी बादलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद चिकटवला होता. तरीही तोंडी सगळं पुन्हा सांगितलं. आणि मग, बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. “कराल ना?”

“काळजीच करू नका,” मी म्हणालो.

ते गेले तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती. मी मगाने अकराही मासे बादलीत घेतले. ते तळाशी एका कोपऱ्यात दाटीने जमले, जोरजोरात कल्ले हलवत. बिल्डरचा माणूस वर आला आणि म्हणाला, “साहेब, बिल्डिंगचा पंप आत्ता काढतोय, मग मला बोलू नका.” खालून हॉर्न. मी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं झाली होती. पाण्यावर किंचित फेस दिसत होता, की मलाच तसं वाटत होतं, ठरवता येईना. टेम्पोवाल्याने तोपर्यंत पाण्याचे दोन्ही कॅन नेऊन टेम्पोत कपाटामागे ठेवले होते. आणखी दहा मिनिटांत ते काढता आले असते. मी काढले नाहीत.

घाई होती हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. त्या क्षणी माझ्या मनात जे होतं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मनात आलं, कसली भीती आणि कसलं विष. दोन इंचांच्या माशासाठी अर्धा तास, तोही दोनदा, आणि माझ्यासाठी दिवसभरात एक पाण्याचा पेला नाही. मी बादलीवरचा कागद फाडला, बादलीतलंच पाणी दोन पिशव्यांत घेतलं, एकीत सहा आणि दुसरीत पाच मासे सोडले, रबर बांधलं आणि खाली आलो. बिल्डरच्या माणसाला किल्ली दिली तेव्हा सव्वातीन वाजले होते. मला हलकं वाटत होतं.

शिळफाटा सुटला, आणि मुंब्र्याला आम्ही अडकलो. पुढे एक ट्रेलर आडवा झाला होता. दोन्ही पिशव्या माझ्या मांडीवर होत्या, टेम्पोच्या केबिनमध्ये इंजिनाची धग येत होती. पहिली वीस मिनिटं मी पिशव्यांकडे बघितलंच नाही. मग टेम्पोवाला म्हणाला, “शेठ, तुमच्या मछलीला साबण लावलाय काय?”

पिशवीतलं पाणी गढूळ झालं होतं आणि वर पांढरा फेस होता. सहांतले दोन मासे आडवे पडले होते. बाकीचे वर धाव घेत होते, हवा घेत होते आणि दगडासारखे खाली येत होते. मी पिशवी उघडली, पुन्हा बांधली. कॅन मागे कपाटाआड. पायाशी पिण्याच्या पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या होत्या. ते पाणी घालावं की नाही? त्याने वाचतील की लगेच मरतील? मला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये पहिलाच होता. मी फोन काढला. स्क्रीनवर ‘बाबा, डोंबिवली’ असं नाव आलं. हिरव्या बटणावर अंगठा नेला. ते पहिला प्रश्न काय विचारतील ते मला ठाऊक होतं: बादलीत किती वेळ ठेवले?

मी फोन खिशात ठेवला.

“काय झालं?” टेम्पोवाल्याने विचारलं.

“काही नाही. रेंज नाही.”

“आमच्याकडे फुल्ल दाखवतोय,” तो म्हणाला आणि समोर बघायला लागला. पुढचा पाऊण तास तो टेम्पो इंच इंच पुढे काढत राहिला. कळव्याच्या पुलावर दुसऱ्या पिशवीतली हालचाल थांबायला लागली.

वर्तकनगरला सासरे फाटकातच उभे होते. अंड्यांचा डबा आत सुखरूप पोचला होता आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळलेला होता. त्यांनी पिशव्या माझ्या हातातून घेतल्या. मग त्या उजेडाकडे धरल्या. अकरांपैकी आठ मेले होते. पहिल्या पाचांतले चार त्यांत होते. सासऱ्यांनी जिवंत तिघांना आधी पाण्याच्या हवाली केलं, मग ओल्या वर्तमानपत्रावर आठ जणांना ओळीने ठेवलं, व्हर्नियर मागवलं आणि एकेकाची लांबी वहीत लिहिली. आठवी नोंद झाल्यावर मान वर न करता विचारलं, “अर्धा तास ठेवले होते?”

“हो.”

“पाणी बदललं?”

“हो.”

“परत अर्धा तास?”

“हो,” मी तिसऱ्यांदा म्हणालो.

तीनला दहा कमी असताना ते निघाले होते आणि मुंब्र्याला अडकूनही पाचच्या सुमारास मी हजर होतो. चौतीस वर्षं मिलिमीटरचे भाग मोजलेल्या माणसाला वेळेचा हिशोब जमला नसेल असं नाही. तो त्यांनी केलाच नाही. मी ‘हो’ म्हटलं होतं, म्हणजे झालं होतं. लाल पेनाने त्यांनी वहीत लिहिलं: ‘बादली पद्धत. रिजेक्ट.’

पुढच्या आठवड्यात त्यांनी फोन करायला सुरुवात केली. ज्या ज्या माणसाला ही पद्धत सांगितली होती, त्या प्रत्येकाला. “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. माझ्याकडे आठ मेले. वापरू नका.” मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकायचो. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “अहो, एवढं काय, मासेच ते,” आणि सासरे पुढचा नंबर फिरवत. पोळीच्या कडेबद्दल ते काही बोलेनासे झाले. सासूबाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटली. “जावईबापू, परवा मी मुद्दाम जाड लाटली,” त्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या. “गपचूप खाल्ली हो यांनी.”

अंड्यांतून पिल्लं निघाली. तीस-बत्तीस जगली, वर्षभरात मोठी झाली, टाकी अपुरी पडायला लागली. ती वाटणं भाग होतं. पण सासरे कुणाला देईनात. मागच्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मी पाणी बदलायला मदत करत होतो, तेव्हा विठ्ठलवाडीच्या एका नर्सबाईंचा फोन आला. त्या वर्षानुवर्षं सासऱ्यांना विचारून मासे पाळत आल्या आहेत. स्पीकर चालू होता.

“काका, सहा पिल्लं द्या ना. मी येऊन नेते.”

“पिल्लं आहेत, पण देता येणार नाहीत. पिशवीत कशी भरायची ते मला माहीत नाही.”

“काहीतरीच काय! तुमच्या बादलीनेच मी सहा मासे सांगलीला नेले होते की. सगळे जिवंत.”

“तो योगायोग असेल,” सासरे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चौतीस वर्षांत ज्या माणसाने एकाही मापाला योगायोग म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडचा तो शब्द मला सोसला नाही. माझ्या हातात पाण्याची नळी होती. ती तशीच धरून मी सांगितलं. सात मिनिटं. पाणी बदललं नाही. सहा आणि पाच. कागद फाडला. सगळं.

सासरे स्टुलावर बसले होते. ते रागावतील, ओरडतील, हाकलून देतील, याची मी तयारी केली होती. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

“गाडीत कळलं होतं तुम्हाला?”

“हो.”

“मग फोन का नाही केलात?”

मी हातातली नळी बादलीत सोडली.

“बाटलीचं पाणी घातलं असतंत, तरी निम्मे वाचले असते. मी सांगितलं असतं,” ते म्हणाले. “मी फोन हातातच धरून बसलो होतो.”

त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज संध्याकाळी जायचो. सासूबाई चहा द्यायच्या. सासरे मला खुर्ची द्यायचे, पंखा माझ्याकडे फिरवायचे, आणि वर्तमानपत्र उघडायचे. घरी आल्यावर बायको विचारायची, “बोलले?” मी मान हलवायचो. “तू त्यांना सांगायला एवढे दिवस का लावलेस रे?” असं तिने एकदा विचारलं. त्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

नवव्या दिवशी सासऱ्यांनी मला समोर बसवलं, वही उघडली आणि कारखान्यात बिघाडाची चौकशी करतात तशी चौकशी सुरू केली. किती वाजता मगाने काढले? पहिला फेस कितव्या मिनिटाला? रंग कोणता? केबिनमध्ये ऊन कुठल्या बाजूने येत होतं? आडवे पडलेले पहिले दोन कुठल्या पिशवीतले? मी आठवून आठवून सांगत गेलो. ते लिहीत गेले. दीड तास चालला असेल हा प्रकार. शेवटी त्यांनी लाल शेऱ्यावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली आणि फोन उचलला. पहिला फोन विठ्ठलवाडीला.

“मॅडम, पद्धत बरोबर होती. तुम्ही या, पिल्लं घेऊन जा.”

“मी म्हटलं नव्हतं? मग झालं काय होतं तेव्हा? कोणी भरले होते मासे? मूव्हर्सवाल्यांनी?”

“नाही, नाही. बाहेरचं कुणी नव्हतं,” सासरे म्हणाले. “घरातलाच आहे.”

“अगं बाई. मग झापलंत की नाही चांगलं?”

सासऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आठ दिवस,” ते म्हणाले. मग फोनमध्येच, पण आवाज खाली आणून: “घाबरला होता तो. घाबरल्यावर कुणाला सुचत नाही.”

नर्सबाई पिल्लं घेऊन गेल्या. इतरही बरेच जण येऊन गेले. त्या विषयावर सासरे पुन्हा बोलले नाहीत. आता त्यांची नजर कमी झाली आहे, हात थोडा कापतो, काचेवरची अंडी मी सोडवतो आणि ते शेजारी बसून प्रत्येक अंड्याला “हळू” म्हणतात. टाकीत डझनभर तरणे मासे आहेत आणि त्या दुपारचे तीन म्हातारे. सगळे सारखेच दिसतात, मला ते ओळखता येत नाहीत. संध्याकाळी टाकीसमोर बसलो की सासरेच काचेवर बोट ठेवून दाखवतात. “तो एक. तो रोपाच्या मुळाशी आहे तो दुसरा.” तिसरा बहुतेक वेळा लवकर सापडत नाही. मग तो दिसेपर्यंत आम्ही दोघं बसून राहतो.